निरपत्य संसार आणि आपला समाज

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात आटगाव येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी मला या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, आणि विषयाची निवड माझ्यावरच सोपविली. मी काही विद्वान नव्हे. जुनी अकरावी उत्तीर्ण झालेला, नंतर शिक्षकाचे प्रशिक्षण घेतलेला आणि १९७७ पासून २०१५ पर्यंत ३८ वर्षे शहापूर व मुरबाड तालुक्यांतील शाळांतून मुलांना अक्षर-अंक शिकविलेला एक साधा प्राथमिक शिक्षक आहे. यापूर्वी या व्यासपीठावरून मी हुंड्याविषयी बोललो, मुलींच्या शिक्षणाविषयी बोललो, आणि आपण सर्वांनी टाळ्या वाजवून माझे कौतुक केले. यंदाचा विषय ऐकून कदाचित टाळ्या वाजणार नाहीत. काहींच्या कपाळास आठ्याही पडतील. परंतु जो विषय घरोघरी कुजबुजीच्या स्वरूपात चालतो, तो एकदा उजेडात मांडावा, असे मला वाटते.

तो विषय असा : विवाह झालेली, धडधाकट, मिळवती अशी काही जोडपी 'आम्हांस मूल नको' असे विचारपूर्वक ठरवितात. मुंबई-पुण्याकडे ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. परंतु ठाणे, कल्याण, डोंबिवलीस स्थायिक झालेल्या आपल्या मुलामुलींच्या द्वारे ती आपल्याही उंबरठ्याशी आली आहे. तिचे आपण काय करावयाचे, हा आजचा प्रश्न आहे.

दुसऱ्याच्या घरावर बोट ठेवून बोलणे सोपे असते. म्हणून आरंभ माझ्या स्वतःच्या घरापासून करतो. माझा मुलगा ठाण्यास एका खाजगी कंपनीत हिशेबनीस आहे, सून परिचारिका आहे. त्यांच्या विवाहास पाच वर्षे झाली तरी घरात पाळणा हलला नाही. मी नवस बोलण्यावर विश्वास ठेवणारा नाही. तथापि मनातून मीही वाट पाहत होतो, हे कबूल करतो. २०२२ च्या मे महिन्यात मुरबाड तालुक्यात आमच्या आप्तांकडे लग्न होते. हळदीच्या वेळी नवरीची ओटी भरण्यासाठी 'पाच लेकुरवाळ्या पुढे या' असा पुकारा झाला. माझी सून हौसेने तबक घेऊन पुढे झाली. तेव्हा एक वृद्ध बाई तिला म्हणाल्या, "तू नको गं बाय, तू बस." त्या बाईंच्या मनात वाईट काही नव्हते, त्यांनी लहानपणापासून जे पाहिले तेच केले. सूनबाईने तबक दुसरीच्या हाती दिले आणि ती मागे जाऊन भिंतीशी उभी राहिली. हे मी मांडवातून पाहिले आणि पाहून न पाहिल्यासारखे केले.

त्या रात्री घरी परतल्यावर पडवीत बसून दोघांनी आम्हां उभयतांना सांगितले की, मूल होत नाही असे नाही. आम्हीच ते होऊ न देण्याचे ठरविले आहे. सून म्हणाली, "बाबा, मला मुले आवडत नाहीत असे मुळीच नाही. दिवसभर मी मुलांच्याच वॉर्डात असते. पण आपण आई व्हावे असे मला आतून कधी वाटले नाही. लोक विचारतात म्हणून एक जीव जगात आणायचा, हे मला बरे वाटत नाही." मुलाने मान हलवून तिला दुजोरा दिला.

मी अत्यंत रागावलो. "मग हे घर मी कोणासाठी बांधले?" असे मी बोलून गेलो. मुलाने उत्तर दिले नाही. त्यानंतर दिवाळी आली आणि गेली. संक्रांत झाली, शिमगा झाला. मुलाशी मी कामापुरते बोलत असे, सुनेशी तेवढेही नाही. आयुष्यभर मुलांना 'विचार करा, मग बोला' असे शिकविणारा मी, विचार न करता बोललो होतो आणि आता विचार करण्यासही तयार नव्हतो.

माझे डोळे उघडले ते कोणा साधुसंताच्या उपदेशाने नव्हे. २०२३ साली दिवाळीपूर्वी घरास रंग काढताना माळ्यावरची जुनी पेटी खाली काढली. तीत माझी १९८० नंतरच्या काळातील एक वही सापडली. त्या काळी आम्हां शिक्षकांवर शाळेखेरीज कुटुंबकल्याणाच्या प्रचाराचेही काम असे. लाल त्रिकोणाची चित्रे घेऊन पाड्यापाड्यांतून हिंडावयाचे, आणि दोन मुलांवर थांबा, असे लोकांना समजावून सांगावयाचे. वेळ मोठी कठीण होती. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात देशात अनेक ठिकाणी नसबंदीच्या शस्त्रक्रिया सक्तीने केल्या गेल्या, त्याची धास्ती लोकांच्या मनातून गेलेली नव्हती. शाळेचा मास्तर दिसला तरी काही पुरुष रानात निघून जात. त्या वहीत एका घराच्या नावापुढे मी सविस्तर टिपण केलेले होते. त्या घरच्या म्हाताऱ्याने मला विचारले होते, "गुरुजी, माझ्या घरात पोरं किती हवीत, ते तुम्ही कोण सांगणार?" आणि मी दिलेले उत्तरही मी तेथे मोठ्या अभिमानाने लिहून ठेवले होते : 'मी सांगणार नाही, सरकारही सांगणार नाही, तुमच्या मुलाने आणि सुनेने दोघांनी बसून ठरवावे. पदर पसरून देव देईल तितकी घ्यावी, हा काळ गेला.'

बंधुभगिनींनो, ती वही हातात धरून मी बराच वेळ माळ्याच्या शिडीवरच बसून राहिलो. जे मी गावभर सांगत फिरलो, तेच माझ्या मुलाने आणि सुनेने केले होते. दोघांनी बसून ठरविले होते. फरक इतकाच की, त्यांच्या हिशेबाचे उत्तर दोन आले नाही, एकही आले नाही, शून्य आले. रीत बरोबर असताना उत्तर मला आवडले नाही, म्हणून गुण कापण्याचा अधिकार मला कोठून आला?

येथे क्षणभर थांबून आपण आपल्याच समाजाचा पाऊणशे वर्षांचा प्रवास आठवू. आपण शेतकरी. राब भाजण्यापासून खळ्यावर भात झोडपेपर्यंत घरात जितके हात अधिक, तितके बरे, असा तो काळ होता. शिवाय देवी, पटकी, हिवताप यांनी कित्येक मुले वर्षाच्या आतच जात. म्हणून सात झाली तर चार हाती लागतील, असा आईबापांचा हिशेब असे. माझ्या आजीस नऊ मुले झाली, त्यांतील पाच जगली. आम्ही भावंडे चार. मला स्वतःला दोन. आज आपल्यापैकी ज्यांची मुले तिशीत आहेत, त्यांच्या घरी बहुधा एक किंवा दोन नातवंडे आहेत. ही उतरण कोणी लादली? भारत सरकारने १९५२ साली कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला, हे खरे. परंतु जमिनीचे तुकडे झाले, मुले शाळेत गेली, दवाखाने आले, आणि मुख्य म्हणजे आपल्या लेकी-सुनांनी स्वतःच ठरविले. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील एका स्त्रीस आयुष्यात सरासरी २.९ मुले होतील असे प्रमाण होते. २०१९-२१ च्या पाहणीत ते १.७ वर आले. लोकसंख्या आहे तितकीच राहण्यास हे प्रमाण सुमारे २.१ असावे लागते. म्हणजे सातावरून दोनावर आलो तेव्हा आपण त्यास सुधारणा म्हटले, दोनावरून एकावर आलो तेव्हा शहाणपण म्हटले. मग त्याच वाटेने कोणी एक पाऊल पुढे गेला, तर त्यास एकदम अधर्म कसा म्हणता येईल?

कोणी म्हणतील की, हे पाश्चात्त्यांचे अनुकरण आहे, आपल्या मराठी मातीत असे कधी घडले नाही. हे वास्तविक पाहता खरे नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ चिरंजीव प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांचे उदाहरण घ्या. त्यांचा जन्म १८८२ चा. गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंनी आपले केंद्र उघडले होते. या प्रचारामुळे १९२५ साली त्यांना विल्सन महाविद्यालयातील प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ च्या जुलैपासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते नेटाने चालविले. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. खटला हरला, दंड झाला, परंतु मासिक थांबले नाही. या रघुनाथरावांनी आणि त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी आपणांस मूल होऊ न देण्याचे विचारपूर्वक ठरविले होते. ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची, आणि ती एका मराठी घरातली आहे.

दुसरे उदाहरण थोडे निराळे आहे. महात्मा जोतिराव फुले आणि सावित्रीबाई यांना मूल झाले नाही. त्यांनी ते ठरविलेले नव्हते. त्या काळी पुरुषाने दुसरी बायको करणे ही सर्वमान्य रीत होती, आणि तसा आग्रह जोतिरावांनाही झाला. परंतु त्यांनी तो मानला नाही, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. त्यांनी १८७४ साली एका विधवा ब्राह्मण स्त्रीचा मुलगा दत्तक घेतला. तेच पुढे डॉक्टर झालेले यशवंतराव. १८९० साली जोतिराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले. पुत्राविना गती नाही असे म्हणणाऱ्यांना याहून वेगळे उत्तर देण्याची आवश्यकता मला वाटत नाही.

परंतु ही थोरांची नावे घेताना माझ्या मनात एक शंका आली, ती आपल्यापुढे ठेवतो. कारण माझ्या आजच्या बोलण्याचे सार तीत आहे. कर्वे दांपत्यास आपण क्षमा करतो, कारण त्यांनी समाजासाठी आयुष्य वेचले. एखाद्या ब्रह्मचारी संन्याशास, एखाद्या आजन्म समाजसेवकास आपण 'तुला मूल का नाही' असे विचारत नाही. म्हणजे आपण मनात असा काही करार करून ठेवला आहे की, मूल नको असेल तर त्याची भरपाई म्हणून मनुष्याने थोर झाले पाहिजे. आरंभी मीही माझ्या मनाची अशीच समजूत घातली : सून परिचारिका आहे, किती आजारी मुलांची सेवा करते, तेव्हा तिला माफ. परंतु ही समजूत लबाडीची आहे. ती परिचारिका नसती, पतपेढीत पावत्या फाडणारी कारकून असती, तर काय मी तिला दोषी धरले असते? ज्यांना मुले होतात, त्यांना आपण कोणी 'का होऊ दिलीत' असे विचारतो काय? त्यांच्याकडून काही मोठेपणाची अट घालतो काय? मुळीच नाही. मग साध्या माणसाने साधेपणाने, कोणतेही पुण्य न जोडता, दोघांचा सुखाचा संसार करावा, यास आपली अनुमती कशाला हवी? ज्याचा निर्णय, त्याचेच उत्तरदायित्व.

असो. आता या गोष्टीवर जे आक्षेप घेतले जातात, त्यांचा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे. कारण ते सर्वच पोकळ नाहीत.

पहिला आक्षेप स्वार्थाचा. ही मुले मौजमजेसाठी जबाबदारी टाळतात, असे म्हणतात. असे काही असतीलही. परंतु आपल्या आटगाव स्थानकावरून पहाटे मुंबईस जाणारा मनुष्य ९० किलोमीटरांहून अधिक अंतर गाडीत लोंबकळत जातो आणि रात्री तितकेच परत येतो. ठाण्या-कल्याणास दोन खोल्या घ्यावयाच्या तर वीस-वीस वर्षांचे कर्ज, ते फेडावयाचे तर दोघांनाही नोकरी, आणि दोघेही नोकरीवर तर मुलास पाहावयास घरात कोणी नाही. आपणच गावात राहिलो, म्हणून आजी-आजोबाही तेथे नाहीत. पूर्वी मूल एकट्या आईबापांचे नसे. ते आजीच्या मांडीवर, काकूच्या कडेवर, शेजारणीच्या ओसरीवर वाढे. तो आधार आपण मोडू दिला आणि दोष मात्र एकट्या सुनेस दिला. आणि खरे बोलावयाचे तर आपणही मुले निव्वळ परोपकारासाठी जन्मास घातली नाहीत. शेतास हात हवे होते, म्हातारपणास काठी हवी होती, नावास पुढे चालविणारा हवा होता. तेव्हा स्वार्थाचे माप एकाच पारड्यात टाकू नये.

दुसरा आक्षेप वंशाचा. वंश बुडेल, असे म्हणतात. माझ्या पणजोबांच्या वडिलांचे नाव मला ठाऊक नाही. या मंडपातील किती जणांस ठाऊक असेल, याची मला शंका आहे. ज्यांचे नावही आपण राखले नाही, त्यांच्या वंशाची काळजी आपण सुनेच्या डोक्यावर ठेवतो. आणि वंश जमिनीसाठी म्हणावा, तर तानसा धरणापासून भातसा धरणापर्यंत आणि जुन्या आग्रा रस्त्यापासून २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण झालेल्या समृद्धी महामार्गापर्यंत, आपल्या या भागातील कित्येक जमिनी वंशज हयात असतानाच गेल्या. मुले असूनही जमीन राहिली नाही, हे आपण डोळ्यांनी पाहिले.

तिसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. सर्वांनीच असे ठरविले, तर समाजाचे आणि देशाचे काय होईल? यास मी हसून टाळणार नाही. दक्षिण कोरियात हेच सरासरी प्रमाण २०२३ साली ०.७२ इतके खाली आले. तेथे शाळा ओस पडत आहेत. जपानात वृद्धांची संख्या वाढून काम करणारे हात कमी पडत आहेत. आपल्या महाराष्ट्रातही पुढेमागे हा प्रश्न येणार आहे, आणि आपल्या तालुक्यांतील लहान शाळांतून रोडावत चाललेला पट मी शिक्षक या नात्याने पाहिला आहे. परंतु दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. एक, आपल्याकडे जन्म कमी झाले ते मुख्यतः चाराऐवजी दोन आणि दोनाऐवजी एक झाल्यामुळे. एकही नको म्हणणारी जोडपी अद्याप थोडी आहेत. दुसरी, टोमणे मारून मुले जन्मास येत नाहीत. चीनने १९८० च्या सुमारास एकच मूल असा सक्तीचा नियम केला, तो २०१६ पासून मागे घेतला. परंतु मागे घेतल्यावर मुले काही वाढली नाहीत. आणीबाणीत मूल होऊ नये म्हणून सक्ती झाली, ती आपणांस अन्यायाची वाटली. मूल व्हावे म्हणून सक्ती, ती सासूच्या तोंडाची असो वा शेजाऱ्याच्या, तितकीच अन्यायाची आहे. घर स्वस्त झाले, कामाचे तास बेताचे झाले, पाळणाघरे झाली, नवरा स्वयंपाकघरात शिरला, तर ज्यांना मुले हवी आहेत त्यांना ती होऊ देता येतील. समाजाची काळजी असेल तर काम तेथे करावे.

चौथा आक्षेप म्हातारपणाचा, आणि तो माझ्या मते सर्वांत खरा आहे. मूल असले म्हणजे म्हातारपण सुखाचे जाते असा नियम नाही. तसा नियम असता तर आईवडिलांच्या निर्वाहासाठी २००७ साली सरकारला कायदा करावा लागला नसता. तथापि आजारपणात रात्री उठून पाणी देणारे कोणी असावे लागते, हे नाकारून चालणार नाही. म्हणून ज्यांनी असा निर्णय घेतला आहे, त्या तरुणांस मी वडीलपणाच्या नात्याने काही गोष्टी सांगू इच्छितो.

पहिली गोष्ट : हा निर्णय दोघांचा असावा. एकाने ठरवावे आणि दुसऱ्याने मन मारून मान डोलवावी, असे झाल्यास तोही एक जुलूमच होय. त्याकरिता विवाहापूर्वीच, मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमानंतर दोघांना बोलण्यास जी सवड देतात, त्या वेळी ही गोष्ट स्पष्ट बोलावी. लग्नानंतर सांगणे ही फसवणूक आहे. आणि मन बदलले तर तेही मोकळेपणाने बोलावे. शब्द दिला म्हणून आयुष्यभर कुढत बसू नये.

दुसरी गोष्ट : मृत्युपत्र करावे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार निरपत्य पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर त्याची आई हयात असल्यास मालमत्ता पत्नी आणि आई यांत वाटली जाते. निरपत्य स्त्री पतीच्या मागे मृत्युपत्र न करता गेली, तर तिच्या स्वतःच्या कमाईची मालमत्तादेखील प्रथम पतीच्या वारसांकडे जाते; तिच्या आईवडिलांचा क्रम त्यानंतर लागतो. माहेरकडून वारशाने आलेली मालमत्ता मात्र वडिलांच्या वारसांकडे परत जाते. पुष्कळ सुशिक्षितांनाही हे ठाऊक नसते. मृत्युपत्रास दोन साक्षीदार पुरतात. नोंदणी सक्तीची नाही, परंतु केलेली बरी.

तिसरी गोष्ट : वर सांगितलेल्या २००७ च्या कायद्यात निरपत्य ज्येष्ठ नागरिकांचाही विचार केलेला आहे. साठ वर्षे पूर्ण झालेल्या व स्वतःच्या उत्पन्नातून निर्वाह न चालणाऱ्या निरपत्य व्यक्तीची मालमत्ता जो नातलग उपभोगीत असेल किंवा ज्यास ती वारशाने मिळणार असेल, त्याच्याकडून निर्वाहखर्च मागता येतो. त्यासाठी प्रांताधिकाऱ्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे अर्ज करता येतो. तेव्हा पुतण्यांनो, काकांच्या घरावर डोळा असेल, तर काकांच्या औषधाकडेही डोळा असू द्या.

आता समाजास, म्हणजे आपणां सर्वांस, माझी विनंती. ज्यांना मूल हवे असून होत नाही आणि ज्यांना ते नकोच आहे, यांतील भेद बाहेरून दिसत नाही. दोघांच्याही दारात आपण तोच प्रश्न घेऊन जातो : 'गोड बातमी कधी?' पहिलीच्या काळजात तो काट्यासारखा रुततो, दुसरीस तो अपमानासारखा लागतो. मूल न होण्याचे कारण पुष्कळदा पुरुषाकडे असते, असे डॉक्टर सांगतात. तरी 'वांझ' हा शब्द आपण स्त्रीसाठीच राखून ठेवला आहे. मुंबई प्रांताने १९४६ साली कायदा करून आणि पुढे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने सवत आणण्याची रीत बंद झाली. परंतु तो शब्द अद्याप बंद झालेला नाही. तो कायद्याने बंद होणारही नाही. तो आपल्या जिभेने बंद करावयाचा आहे.

आणखी एक लहानशी सूचना. मंडळाच्या कुटुंबसूचीत प्रत्येक घराच्या नावापुढे 'अपत्ये' असा रकाना आहे. ज्यांना अपत्य नाही, त्यांच्या नावापुढे तेथे एक आडवी रेघ मारलेली असते. ही सूची घरोघर जाते आणि दरवर्षी ती रेघ जिला पाहावी लागते तिला काय वाटत असेल, याचा विचार मी स्वतः ही सूची अनेक वर्षे तपासत असतानाही कधी केला नाही. तो रकाना काढून तेथे 'कुटुंबातील व्यक्ती' एवढेच लिहावे, असे मी कार्यकारी मंडळास सुचवितो. ज्यास दोन व्यक्ती असतील त्याच्यापुढे दोन लिहावे. दोन ही काही रेघ नव्हे.

शेवटी, माझ्या घरची गोष्ट अपुरी ठेवून मी खाली बसलो, तर ते योग्य होणार नाही. ती वही सापडल्यावर मी मुलास दूरध्वनी करून दोघांना दिवाळीस बोलाविले. काय बोलावे हे मला सुचेना, म्हणून ती वहीच मी सुनेच्या हाती दिली. तिने ते पान वाचले आणि विचारले, "बाबा, मग त्या आजोबांच्या सुनेने किती ठरवली?" त्या सुनेने तीन ठरविली होती, माझ्या प्रचारास तिने दाद दिली नव्हती. हे ऐकून आम्ही चौघेही हसलो. दीड वर्षानंतर आमच्या घरात पहिल्यांदाच सर्वजण एकत्र हसत होते.

माझ्या पत्नीच्या मनात अजूनही नातवंडाची इच्छा आहे, हे मी आपणांपासून लपवीत नाही. ती इच्छा चुकीची आहे असे मला म्हणावयाचे नाही. माझ्याही मनात ती कधीमधी डोके वर काढते. परंतु ती आमची इच्छा आहे, तिचे कर्ज सुनेवर नाही, एवढे आम्हांस समजले आहे. गेल्या फाल्गुनात आमच्या भावकीत लग्न होते. ओटी भरण्याची वेळ आली तेव्हा माझी पत्नी कोणास काही न विचारता सुनेचा हात धरून पुढे गेली आणि दोघींनी मिळून नवरीची ओटी भरली. दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिले. कोणी काही बोलले नाही. ती नवरी आज आपल्या सासरी सुखाने नांदत आहे.

आपल्या घरच्या पुढच्या लग्नात 'पाच लेकुरवाळ्या' असा पुकारा न करता 'पाच जणी पुढे या' असा करावा, इतकी एकच गोष्ट आपण आज येथून घरी नेली, तरी माझ्या बोलण्याचे सार्थक झाले असे मी समजेन.